पंधरावं कारण

कारणांची ती यादी मीच केली होती.
चौदा कारणं, बोट लावलं की खाली उघडणारी:
वीज गेली. प्रोब बदलला. नमुना उशिरा घेतला.
शेवटी, सवयीनं, इतर.
आणि इतरपुढे अडीचशे अक्षरांची चौकट,
जिच्यात कुणी काही लिहील
असं मला वाटलं नव्हतं.

गेल्या मेची गोष्ट. बुटीबोरीत बाहेर शेहेचाळीस,
गेटवरच्या कूलरचा वाळा कोरडा पडलेला.
आत टाकीत सदतीस, दशांशानंतर दोन शून्यं,
कुणाच्याही काखेत असतं तेवढंच ऊबदार.
दोन हजार लिटर फिकट पिवळ्या पाण्यात
जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वी मेलेल्या एका चिनी हॅमस्टरच्या
अजून न मेलेल्या पेशी
कुणाच्या तरी आईच्या गाठीवरचं औषध विणत होत्या.

त्याआधी पंधरवड्यापर्यंत सगळं कागदावर.
एका बॅचला चारशे बारा पानं. निळं पेन.
चूक झाली तर एकच आडवी रेघ,
खालचं दिसलं पाहिजे अशी,
शेजारी सही, तारीख.
शेवटचे खोके टेम्पोत चढले तेव्हा
डोमाजी परातेंनी एक रिकामं पान मागितलं, आठवण म्हणून.
दिलं नाही.
कोऱ्या पानालाही नंबर असतो.

त्या रात्री तीन वाजून बारा मिनिटांनी
पडद्यावर सगळं हिरवं असताना
त्यांनी इतर दाबलं.
दुहेरी हातमोज्यांतून एकेक अक्षर शोधत लिहिलं:
"पंखा फिरून रायला पन आवाज वेगळा.
दमट सुतावर धोटा चालते तसा."

सकाळी वाचून मी हसलो.
मग फोन करून विचारलं, धोटा म्हणजे काय.
त्यांच्या वडिलांचा माग गोळीबार चौकात होता.
पोरगं मागाशेजारीच झोपायचं,
आणि सूत तुटलं की बापाच्या आधी
त्याला जाग यायची.

नियम असा, की लिहिलं गेलं ते तपासायचं.
बेअरिंग पाहिलं, सील पाहिलं,
मोटरचा करंट, सेकंदासेकंदाचा, नऊ दिवसांचा.
संगणकात त्या टाकीची एक जुळी बहीण आहे,
हिच्यापुढे बारा तास जगणारी.
तिलाही विचारलं.
काही नव्हतं. बॅच पास झाली.

मी त्यांना सांगितलं, थोडं जिंकल्यासारखं, आता कबूल करतो.
कॅन्टीनमध्ये पोह्यांवर तर्री ओतत ते म्हणाले,
"बिघडलं म्हन्लो का मी?
वेगळा हाय म्हन्लो."

मग मी बदलाचा अर्ज टाकला. कारण पंधरावं: आवाज.
सहा विभाग, अकरा सह्या, बेचाळीस दिवस.
लांजेवार मॅडमनी शेरा मारला: एकक काय?
मी लिहिलं, नाही.
मंजुरी आली तोवर डोमाजी
ओळखपत्र, लॉकरची चावी
आणि कुणी न मागितलेलं निळं पेन
काउंटरवर ठेवून निवृत्त झाले होते.

आठ महिने आवाज कुणी निवडला नाही.
काढून टाका, असं दोनदा सुचवलं गेलं.

काल रात्री निवडला.
रितिका चाफले, कामाला लागून पाच आठवडे.
चौकट कोरी सोडलेली.
विचारायला फोन उचलला, ठेवला,
गाडी काढली.
वर्धा रोडवर ट्रकांशिवाय कुणी नव्हतं.
तीन दरवाजे, दोन गाऊन, टोपी, चष्मा.

ती टाकीपासून हातभर अंतरावर,
मान एका बाजूला कललेली.
मी बोलणार तेवढ्यात बोटानं थांबवलं तिनं.
पडद्यावर सगळं हिरवं होतं.
मी उभा राहिलो.
मास्कमध्ये माझाच श्वास मोठा येत होता;
आधी तो कमी करावा लागला.